शिंदीच्या साठ बियांपैकी चारच का उगवल्या?

ओढ्याकाठचा (परभणी जिल्हा)

सर्वांना नमस्कार. आमच्या शेताच्या उत्तर अंगाला एक ओढा आहे. आज त्याच्या काठावर शिंदीची, म्हणजे रानखजुराची, सात झाडे उभी आहेत आणि त्यांतील दोनच मादी असल्यामुळे फळ त्या दोन झाडांनाच लागते. माझे आजोबा सांगत असत की हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात, १९४७-४८ साली, शिंदीच्या दारूतून निजामाला मिळणाऱ्या आबकारी उत्पन्नावर घाव घालण्यासाठी मराठवाड्यात ठिकठिकाणी शिंदीची झाडे तोडण्यात आली आणि आमच्या ओढ्यावरही तेव्हा कुऱ्हाड चालली. त्या कामाचा त्यांना अखेरपर्यंत अभिमान होता. शिंदीचा शेंडा गेला की झाड गेले. बाभळीसारखी तिला बुंध्यातून पुन्हा फूट येत नाही. तरीही त्यानंतर पडलेल्या बियांतून जे बन आपोआप उगवून आले, तेच मी लहानपणी पाहिले. पुढे ओढ्याचे पात्र सरळ करताना आणि दोन्ही काठांचे बांध कोरताना तेही संपले. आता नवे झाड उगवताना दिसत नाही, कारण पडलेली फळे जेथे रुजतील अशी न नांगरलेली जागाच उरलेली नाही.

मला हे बन पुन्हा उभे करायचे आहे. गावात फडे बांधणारी दोन कुटुंबे आहेत. दिवाळीला ज्या केरसुणीची आपण लक्ष्मी म्हणून पूजा करतो, तिच्यासाठी शिंदीची पाने आणायला त्यांना आता दूरदूर फिरावे लागते. सुगरणीची घरटीही उरलेल्या सात झाडांवरच दाटीने लोंबत असतात.

गेल्या वर्षी जूनअखेरीस मादी झाडाखाली पडलेली पिकली फळे गोळा केली, गर जमेल तसा काढला, बिया आठ दिवस पत्र्यावर उन्हात वाळवल्या आणि साठ पिशव्यांत शेतातील काळी माती व शेणखत भरून एकेक बी बोटभर खोल पेरले. पिशव्या सहा इंचांच्या होत्या. पाणी रोज घालत होतो. पाच आठवडे काहीच वर आले नाही, तेव्हा मी काही पिशव्या उकरून पाहिल्या. काही बिया काळ्या पडून कुजल्या होत्या, तर काहींतून पांढरे, जाडसर, बोटासारखे मूळ सरळ खाली गेलेले होते; मात्र वर कोंबाचा मागमूस नव्हता. मी त्या पुन्हा पुरल्या. दिवाळीपर्यंत एकूण चार रोपे वर आली आणि ती सर्व न उकरलेल्या पिशव्यांतील होती. माझे नेमके कोठे चुकले? बी जुने होते असे म्हणता येत नाही, कारण झाड माझ्या डोळ्यांसमोरचे आहे.

गोदातीर (नांदेड)

आपण प्रश्न इतक्या बारकाव्याने लिहिला आहे की त्याचे उत्तर त्यातच सापडते. मी बरीच वर्षे रोपवाटिकेचे काम केले आहे आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने उकरून पाहिलेलेच असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याला जे मूळ वाटले ते मूळ नव्हते. शिंदी, खजूर आणि ताड या झाडांचा अंकुर बियाजवळून वर येत नाही. बियाच्या एका बाजूला लांब खोबण असते आणि तिच्या नेमक्या पाठीमागे, मध्यावर, एक बारीक गोल ठिपका असतो. त्या ठिपक्यातून बीजपत्राचा देठ बाहेर पडतो आणि इवल्याशा रोपाला आपल्या टोकाशी घेऊन जमिनीत दोन-तीन बोटे खाली उतरतो. तेथे पोहोचल्यावर टोकातून खरे मूळ सुटते, आणि त्यानंतरच देठाला एक चीर पडून तिच्यातून पहिले पान वर निघते. हे पान खजुराच्या ओळखीच्या झावळीसारखे नसते, तर गवताच्या रुंद पात्यासारखे एकसंध असते. त्यामुळे अनेक जण ते गवत समजून उपटून टाकतात.

या सर्व काळात बी आपल्या जागीच असते आणि त्याचे काम संपलेले नसते. बीजपत्राचे दुसरे टोक बियाच्या आत स्पंजासारखे फुगते आणि तेथील अन्न विरघळवून देठावाटे रोपाला पोहोचवत राहते. मोड आलेला नारळ फोडल्यावर आत जो गोड, भुसभुशीत गोळा मिळतो आणि ज्यासाठी घरातील मुलांची भांडणे होतात, तो हाच अवयव आहे. फरक इतकाच की नारळाचा साठा पाण्याच्या आणि खोबऱ्याच्या रूपाने असतो, तर शिंदीच्या बियातील साठा पेशींच्या जाड भिंतींतच बांधलेला असल्यामुळे बी दगडासारखे लागते आणि तो साठा सुटायला आठवड्यांमागून आठवडे जातात. आपण उकरले तेव्हा तो देठ बहुधा मोडला, निदान पिरगळला, आणि रोपाचे अन्न तुटले. उगवलेल्या रोपाच्या बुडाशी बी लटकलेले दिसले तरी ते तोडू नये, हे त्याच कारणाने सांगतो.

कुजलेल्या बियांचे कारण वेगळे आहे. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्यात हवा राहत नाही. वाळली की भेगाळते आणि मुळे तोडते. पिशवीत ती एकटी कधीही भरू नये. दोन भाग नदीची धुतलेली वाळू किंवा बारीक चाळलेला मुरूम, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असे मिश्रण घ्यावे. त्यात ओंजळभर पाणी ओतले तर ते लगेच खाली उतरले पाहिजे. पाणी रोज घालण्याची गरज नाही. पिशवीत सतत वाफसा राहावा, चिखल होऊ नये. शिवाय बियांवर गर उरला होता असे आपणच लिहिले आहे. गरावर बुरशी येते आणि गरातील द्रव्ये उगवणीला अडवतात. फळे दोन दिवस पाण्यात भिजत घालून, गोणपाटावर घासून, बी स्वच्छ पांढुरके-तपकिरी होईपर्यंत धुवावे आणि पुन्हा दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलत, स्वच्छ पाण्यात ठेवावे. पत्र्यावर वाळवणे मला अजिबात पटले नाही. शिंदी-खजुराचे बी सावलीत सुकवले तर टिकते, परंतु आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लांबला तर पत्रा हाताला चटका देतो, आणि तेवढ्या उष्णतेत आतील गर्भ जिवंत राहीलच असे नाही.

शेवटचा मुद्दा पिशवीचा. जे रोप आधी खाली जाते त्याला सहा इंच खोली पुरत नाही. किमान बारा इंचांची अरुंद, उंच पिशवी घ्या. बी मात्र वरवरच, म्हणजे जेमतेम झाकेल इतके आणि आडवे ठेवा. खोली शोधण्याचे काम ते स्वतः करते.

मांजराकाठ (लातूर)

गोदातीर सरांशी मी सहमत आहे. केवळ एक भर घालते. ज्यांना आत काय चालले आहे हे पाहिल्याशिवाय राहवत नाही, त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीची पद्धत योग्य आहे. कोकोपीट भिजवून मुठीत घट्ट पिळावे, पाण्याचा थेंबही पडू नये इतके, आणि त्यात धुतलेल्या बिया मिसळून पिशवीचे तोंड बंद करावे. ही पिशवी घरातील उबदार जागी, परंतु उन्हापासून दूर ठेवावी. पंचवीस ते पस्तीस अंश हे तापमान या सर्व बियांना मानवते, आणि आपल्या भागात मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत ते घरात आपोआप मिळते. थंड देशांतील लोक यासाठी विजेवर तापणाऱ्या गाद्या वापरतात. आपल्याला हे फुकट आहे याची जाणीव ठेवावी. मात्र मे महिन्यात बंद पिशवी उन्हात राहिली तर बिया एका दुपारीत शिजतात.

दोन-तीन आठवड्यांत पांढरा देठ पिशवीच्या बाहेरूनच दिसतो. तो बोटाच्या पेरापेक्षा लांब होण्याआधी बी उचलून खोल पिशवीत ठेवावे, देठाचे टोक खाली राहील असे. यात मोडतोड जवळजवळ होत नाही आणि न उगवणाऱ्या बियांसाठी माती, जागा व पाणी वाया जात नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही ही पद्धत शोभेच्या पामांसाठीही वापरतो.

शोभेच्या पामांचा विषय निघाला म्हणून सांगते, त्यांना शिंदीचा नियम लावू नका. अरेका पाम हा मूळचा मादागास्करचा, ओलसर हवेतला. त्याचे बी वाळले की मरते. झाडावरून पिवळी-नारिंगी झालेली फळे काढून त्याच आठवड्यात पेरली तर महिना-दोन महिन्यांत उगवतात; पाकिटात बंद होऊन महिनोन् महिने पडलेले बी विकत घेतले तर पैसे गेलेच समजा. अरेकाचा कोंब बियाला लागूनच वर येतो, त्यामुळे त्याला खोल पिशवी लागत नाही. फॉक्सटेल पाम मूळचा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचा असून त्याचे बी दोन-तीन महिन्यांत उगवले तर नशीब. काही बिया वर्षभर घेतात. आपल्याकडे 'बॉटल पाम' म्हणून रस्त्याकडेला जो उंच, गुळगुळीत, राखाडी खोडाचा पाम लावतात तो बहुतेक ठिकाणी रॉयल पाम असतो. खरा बॉटल पाम मॉरिशसच्या बाजूचा, ठेंगणा आणि बुडाशी फुगलेला असतो. बी मागवण्यापूर्वी झाडाचा फोटो पाहून खात्री करावी.

गच्चीवरची बाग (छत्रपती संभाजीनगर)

रमजानच्या महिन्यात आणलेल्या खजुराच्या बिया मी धुऊन ठेवल्या आहेत. त्यांतून झाड झाले तर त्याला आपण खाल्ला तसाच खजूर लागेल का? आणि घरात खारीक आहे, तिचे बी चालेल का?

गोदातीर

आधी खारकेविषयी. बाजारातील पुष्कळशी खारीक ही फळे उकळून मग वाळवलेली असते, त्यामुळे तिच्या बियांतील गर्भ मेलेला असतो. खजुराचे बी मात्र बहुधा उगवते, आणि बरेच टिकतेही. इस्राएलमधील मसादा येथील उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया मिळाल्या होत्या. त्यांतील एक २००५ साली पेरली असता उगवली आणि त्या झाडाला मेथुसेलाह असे नाव देण्यात आले. कोरड्या हवेत या बियाची झोप किती लांब असू शकते हे त्यावरून कळावे.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही त्याच झाडात आहे, कारण ते नर निघाले. शिंदी, खजूर आणि ताड या तिन्हींत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर असतात आणि पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे खजुरात पाच ते आठ वर्षे, ती ओळखण्याचा साधा उपाय शेतकऱ्याच्या हाती नाही. जी मादी निघेल तिचे फळही आईसारखे असेल याची शाश्वती नसते, कारण बियात बापाचाही वाटा असतो. पामला कलम करता येत नाही. त्याच्या खोडात आंब्याप्रमाणे साल आणि लाकूड यांमधला वाढणारा थर नसतोच. म्हणून खजुराची खात्रीची लागवड बुंध्याजवळच्या फुटव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांपासून करतात. कच्छमध्ये बरही जातीची अशी लागवड झालेली आहे आणि तेथे फळे पिवळी, कडक असतानाच उतरवून विकतात, कारण पिकण्याच्या वेळी पाऊस गाठतो. आपल्याकडे जून-जुलैत तीच अडचण येणार. तेव्हा गच्चीवर आनंदासाठी अवश्य लावा, परंतु उत्पन्नाच्या हिशेबाने बियांचा खजूर लावू नका.

मोसंबीची बाग (जालना)

बियाचे कवच कानशीने घासून किंवा हातोडीने चिरून लावले तर लवकर उगवते असे मला सांगण्यात आले होते. उकळते पाणी ओतण्याचाही सल्ला मिळाला आहे.

मांजराकाठ

दादा, शिंदीच्या बियाला तसे कवच नसतेच. जे कठीण लागते ते अन्नच असते. घासताना नेमका तो ठिपका दुखावला तर बी संपले. उकळते पाणी तर कृपया नको. खारकेच्या बियाचे काय होते ते वर आलेच आहे. कोमट पाणी आणि तीन दिवस, एवढे पुरते.

सीमेवरचा (बिलोली)

आमच्याकडे तेलंगणाच्या सीमेलगत ताड आहेत, म्हणून ताडाबद्दल थोडे लिहितो. ताडाचे बी पिशवीत किंवा कुंडीत लावण्याचा नाद करू नये. त्याचा देठ दोन-तीन बोटे खाली जाऊन थांबत नाही, तर जमीन भुसभुशीत असेल तर हात-दीड हात, कधी त्याहून अधिक खोल उतरतो आणि तेथे रोप धरतो. पिशवी असेल तर तळाशी वेटोळे घालून बसतो आणि पुढे लावताना मोडतो. कोवळ्या ताडगोळ्याच्या बियांतून काही उगवत नाही, हेही सांगायला हवे, कारण तसे विचारणारे भेटतात. फळ पूर्ण पिकून, काळे पडून, आपोआप गळले पाहिजे. एका फळात बहुधा तीन बिया असतात. त्या वेगळ्या करून पावसाच्या तोंडावर कायमच्या जागेवरच वितभर खोल लावाव्यात आणि तेथे खूण म्हणून एक काठी रोवावी. पहिले पान दिसायला बरेच महिने लागतात, तोवर ती जागा कोणी खणू नये. माझ्या वडिलांनी लावलेल्या ताडांना फळ यायला पंधरा वर्षांच्या वर लागली. लावणाऱ्याने हे आधीच मनाशी धरलेले बरे.

ओढ्याकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. जी चार रोपे जगली त्यांची नवी पाने पिवळट, जवळजवळ पांढरी येत आहेत आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. पाणी बोअरचे आहे. घागरीच्या तळाशी पांढरा थर बसतो.

गोदातीर

हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण दिसते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि क्षारयुक्त पाण्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. पावसाचे पाणी एखाद्या टाकीत साठवून पिशव्यांना तेच घाला, आणि चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची, हलकी फवारणी संध्याकाळी करा. शेणखत कच्चे असेल तर पिशवीत उदईही लागते, तेही पाहा. एकदा जमिनीत बसल्यावर शिंदी असल्या पाण्याला सहज तोंड देते. ओढ्याकाठच्या खारवट जमिनीत ती उगीच वाढलेली नाही.

ओढ्याकाठचा (पुढच्या वर्षी, कार्तिकात)

धागा वर आणतो आहे, कारण सल्ला देणाऱ्यांना निकाल कळलाच पाहिजे.

या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फळे झाडावरून गळताच रोज सकाळी उचलली. चार दिवस भिजवून, गोणपाटावर घासून शंभर बिया वेगळ्या केल्या. साठ बिया मांजराकाठ ताईंच्या पद्धतीने कोकोपीटमध्ये ठेवल्या आणि चाळीस थेट बारा इंचांच्या पिशव्यांत, वाळू आणि खत यांच्या मिश्रणात. कोकोपीटमधील पहिला पांढरा देठ अठराव्या दिवशी दिसला. माझ्या आईने ती पिशवी देवळीत ठेवली होती आणि रोज संध्याकाळी दिवा लावताना ती त्याकडे पाहत असे. बातमी तिनेच दिली. साठांपैकी एकेचाळीस बियांना देठ आले आणि त्यांतील अडतीस रोपांना आज पान आहे. थेट पेरलेल्या चाळीसांपैकी बावीस वर आली, आणि ही उगवण ऑगस्टच्या अखेरीपासून दसऱ्यापर्यंत एकेक करून होत राहिली. मी एकही पिशवी उकरली नाही. सप्टेंबरात पावसाच्या उघडिपीत दहा दिवस काहीच नवे दिसले नाही, तेव्हा हात शिवशिवत होता हे मात्र खरे.

आणखी एक गोष्ट पाहिली. मादी झाडापासून बऱ्याच अंतरावर, बांधाच्या दगडांच्या फटीत, कोल्ह्याच्या की उदमांजराच्या विष्ठेत बियांचा पुंजका सापडला होता. त्या बिया मी हलवल्या नाहीत. तेथे आज गवतासारखी तीन पाने उभी आहेत. बोटाने चिमटून पाहिली. गवतापेक्षा ती कितीतरी चिवट आणि करकरीत लागतात.

रोपे पुढच्या वर्षीच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर ओढ्याच्या काठी लावणार आहे, तोवर शेडनेटखाली. नर-मादी कळायला अनेक वर्षे जाणार, म्हणून एका जागी तीन-तीन रोपे लावून पुढे नर विरळ करावेत असे मनात आहे. फडे बांधणाऱ्या घरातील मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या की पानांसाठी नर काय आणि मादी काय, दोन्ही सारखेच. एकही तोडू नका. दोन रोपांत किती अंतर ठेवावे?

मांजराकाठ

मावशींचे ऐका. तीन-तीनचा विचार सोडून ओळीत बारा-पंधरा फुटांवर एकेक लावा, म्हणजे एकही तोडण्याची वेळ येणार नाही. एवढ्या रोपांत मादी पुरेशा निघतील. पिशवी कापताना मातीचा गड्डा फुटू देऊ नका, आणि रोप पिशवीत होते त्याच पातळीवर बसवा. शेंड्याच्या पोटात माती गेली तर ते कुजते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी आणि शेळ्यांपासून काट्यांचे कुंपण, एवढे करा. बांधावरच्या त्या तिघांना मात्र तेही नको. ती जेथे आहेत तेथेच राहू द्या.